तारेचे वळ

बोन्सायच्या फांदीवरची तार काढली आणि सालीवर मळसूत्रासारखी फिरत गेलेली खाच दिसली, की सगळा राग तारेवर निघतो. तार बिचारी बांधली तेव्हा होती तेवढीच असते. फुगते ती फांदी. सालीखाली कँबियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवं लाकूड घालतो आणि फांदी जाड होते. तार आडवी येते तिथे ही जाडी दोन्ही अंगांनी वर चढते आणि तार रुतते.

खरी पंचाईत अशी, की फांदीचं वळण कायम होतं तेही याच नव्या लाकडामुळे. तार लवकर काढली तर फांदी पुन्हा सरळ होऊ पाहते, उशीर केला तर वळ उठतात. आपल्याकडे पावसाळ्यात वड-उंबराच्या जातीची झाडं काही आठवड्यांतच तार गिळू लागतात, तेव्हा नजर ठेवायची ती याच दिवसांत.

तार काढताना उलटी उलगडू नये. कटरने एकेक वेढा तोडावा. खोल गेलेला तुकडा ओढून काढला तर सालीबरोबर कँबियमही सोलून निघतं. त्यापेक्षा तो आतच राहिलेला बरा.

मग वळावर काय लावायचं? माझ्या मते, साल फाटली नसेल तर काहीच नाही. झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी 1970च्या दशकात हेच मांडलं: झाड इजा झालेला भाग आतून बंदिस्त करतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. म्हणजे वळावर उपाय वाढ हाच. खुणेच्या पुढचा शेंडा खुडू नये, पानं भरपूर येऊ द्यावीत. त्यांनी केलेली साखर खोडाकडे येताना वाटेतला भाग पोसते. एखाददुसरा हंगाम झाड बेढब दिसेल, ते सोसावं. पाइनची खडबडीत, पापुद्रे सुटणारी साल खुणा लवकर झाकते. मेपल किंवा फायकसच्या गुळगुळीत सालीवर त्या वर्षानुवर्षं दिसतात. बारीक फांदी फारच खराब झाली असेल तर ती छाटून नवी वाढवणं सोपं.

चीनच्या ग्वांगडोंगमधल्या लिंगनान परंपरेत मुख्य भर छाटणीवरच असतो: फांदी वाढवायची, कापायची, नव्या फुटव्याची दिशा निवडायची. उलट जपानात शिंपाकू ज्युनिपरची कोवळी रोपं पिळताना काही जण तार मुद्दाम रुतू देतात. गिळलेल्या तारेभोवती खोड वेडंवाकडं फुगतं आणि तरुण झाड म्हातारं दिसू लागतं.