विश्लेषण : जुनी कार ‘ॲव्हरेज’ का देत नाही? दोष ई-२० पेट्रोलचा किती, गाडीचा किती?

दहा-बारा वर्षे जुनी कार असलेल्या बहुतेकांची सध्या एकच तक्रार आहे : गाडी आधीसारखी ॲव्हरेज देत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न थेट घरखर्चाशी जोडलेला आहे. रिसोड, मानोरा किंवा कारंजाहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, रुग्णाला घेऊन अकोल्याला जायचे किंवा समृद्धी महामार्गाने नागपूर गाठायचे, तर अनेक कुटुंबांची भिस्त याच जुन्या गाडीवर असते. नवी कार घेणे प्रत्येकाला शक्य नसते. मग आहे त्याच गाडीतून प्रतिलिटर एक-दोन किलोमीटर जास्त काढता येतील का? येतील, पण त्यासाठी ॲव्हरेज नेमके कुठे गळते आहे, हे आधी शोधावे लागेल.

ॲव्हरेज मोजायचे कसे?

‘पाचशेच्या पेट्रोलमध्ये आधी इतकी चालायची’ हा हिशेब कामाचा नाही, कारण पेट्रोलचे दर बदलत राहतात. खात्रीची पद्धत म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. साधारण ३०० ते ४०० किलोमीटर गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी भरा. झालेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. गाडी ३५० किलोमीटर चालली आणि २५ लिटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज १४ आहे.

हे मोजमाप किमान दोनदा करा. एकदा गावातल्या ट्रॅफिकमध्ये आणि एकदा हायवेवर मोजले, तर दोन्ही आकड्यांची तुलना करू नका. दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर सारख्याच रस्त्यावर मोजा.

ई-२०मुळे ॲव्हरेज किती घटते?

देशात २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२०मधील ऊर्जा साधारण साडेसहा ते सात टक्क्यांनी, तर ई-१०च्या तुलनेत साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी भरते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१०साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२०वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई-१०साठी बनलेल्या व ई-२०साठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घट होते, असे सांगितले.

याचा अर्थ सोपा आहे. आधी १६ देणारी कार ई-२०मुळे १५ च्या आसपास यावी. ती १२ देत असेल, तर उरलेल्या तीन किलोमीटरचा दोष पेट्रोलवर टाकून चालणार नाही. तो गाडीत, टायरमध्ये किंवा चालवण्याच्या सवयीत आहे. इंधनामुळे झालेली घट गॅरेजमध्ये भरून निघत नाही. बाकीची बरीचशी निघू शकते.

जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप आणि सील मात्र तपासून घ्या. ते कडक झाले असतील, त्यांना चिरा गेल्या असतील किंवा बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ते बदला. इथे प्रश्न ॲव्हरेजपेक्षा आगीच्या धोक्याचा आहे.

गॅरेजमध्ये काय तपासून घ्यावे?

टायरची हवा : ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर योग्य दाब लिहिलेला असतो. हवा टायर थंड असताना तपासा. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआयने कमी झाला, तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. दहा पीएसआय कमी असेल तर नुकसान दोन टक्के. आकडा लहान वाटतो, पण हे काम जवळपास फुकटात होते आणि टायरही जास्त टिकतो.

ब्रेक : जुन्या गाडीत कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकून ब्रेक हलकासा लागलेलाच राहतो. सपाट जागी गाडी न्यूट्रल करून ढकलून पाहा, सहज सरकायला हवी. प्रवासानंतर एखाद्या चाकाजवळ इतरांपेक्षा जास्त उष्णता जाणवली, तर ते चाक जाम होत आहे. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

थर्मोस्टॅट : विदर्भात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. ‘गाडी गरम होऊ नये’ म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढूनच टाकला जातो. मग इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो, कॉम्प्युटरला ते थंड वाटते आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा आणि कूलंट तपासावे. वॉल्व्ह काढणे हा त्यावरचा उपाय नाही.

ऑक्सिजन सेन्सर : सायलेन्सरच्या पाइपवर बसणारा हा सेन्सर पेट्रोल आणि हवेचे प्रमाण सांभाळायला मदत करतो. तो बिघडला तर नुकसान मोठे होते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागला असेल, तर अंदाजाने पार्ट बदलण्याआधी स्कॅनर लावून घ्या.

एअर फिल्टर : मातीच्या पांदण रस्त्यांवरून जाणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर भरतो. इंजेक्शनच्या गाडीत त्यामुळे ॲव्हरेज फारसे घटत नाही, पिकअप मात्र कमी होतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत हेच दिसले होते. जुन्या कार्बोरेटर गाड्यांत मात्र ॲव्हरेजलाही फटका बसतो.

याशिवाय स्पार्क प्लग, व्हील अलाइनमेंट आणि घसरणारी क्लच प्लेट पाहून घ्यावी. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच टाका, गरजेपेक्षा जाड नको. डिझेल गाडीला ई-२० लागू नाही. तिथे इंजेक्टर, ईजीआर वॉल्व्ह आणि टर्बोचे पाइप तपासावेत.

समृद्धीवर १२० ने गेल्यास काय होते?

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो वाशिम जिल्ह्यातून जातो आणि त्यावर कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. मात्र हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या तुलनेत १२० च्या वेगाला तो सव्वादोन पट होतो. जुन्या, पाच गिअरच्या लहान कारचे इंजिन या वेगाला ओरडते आणि पेट्रोलही तसेच पिते.

अशी गाडी डाव्या लेनमधून ८० ते ९० च्या स्थिर वेगाने नेणे खिशाला आणि टायरलाही परवडते. टायरला चिरा असतील किंवा ते जुने असतील, तर या महामार्गावर जाण्याआधीच बदला. टायरवरच्या चार अंकी कोडवरून वय कळते. पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. छतावरचे रिकामे कॅरिअरही हवा अडवते, काम नसेल तर उतरवून ठेवा.

कोणत्या उपायांवर पैसे घालवू नयेत?

उतारावर न्यूट्रल : पातूरच्या घाटात गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचते, हा समज इंजेक्शनच्या गाडीला लागू नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल जवळपास बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, हा धोका वेगळाच.

मॅग्नेट आणि ‘मायलेज बूस्टर’ : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी १०० हून अधिक उपकरणे तपासली. मोजक्याच उपकरणांनी थोडाफार फायदा दाखवला.

जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल : कंपनीने सांगितले नसेल, तर साध्या जुन्या इंजिनाला त्याचा विशेष लाभ होत नाही.

दुरुस्तीचा खर्च वसूल होतो का?

समजा, ॲव्हरेज १४ वरून १६ झाले आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे सुमारे ९ लिटर, म्हणजे साधारण ९४० रुपये वाचतात. चार हजारांची दुरुस्ती पाचव्या महिन्यात वसूल होते. हीच गाडी महिन्याला २५० किलोमीटर चालत असेल, तर बचत २३५ रुपयांच्या आसपास. तीच दुरुस्ती वसूल व्हायला जवळपास दीड वर्ष लागेल.

म्हणून कमी चालणाऱ्या गाडीवर केवळ ॲव्हरेजसाठी मोठा खर्च करू नये. टायरची हवा, स्थिर वेग, वेळेवर ऑइल एवढे सांभाळावे. ब्रेक, टायर आणि फ्युएल पाइप यांना मात्र हा हिशेब लावू नये. त्यांचे काम निघाले, तर गाडी किती चालते हे न पाहता ते करून घ्यावे.