काचेतला पाच लाखांचा टॅग आणि मामीचे ६९ हजार



'अडकलेला माल' या व्हिडिओत मी दोन मिनिटांत एक उदाहरण दिलं होतं. बंदुकीच्या दुकानातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचं. बऱ्याच जणांना वाटलं, हा मुलुंडचा कॅमेरेवाला बंदुकीच्या दुकानात काय करत होता? तेच आज सविस्तर सांगतो. कारण त्यात माझी चूक आहे, आणि ती व्हिडिओत सांगायची राहून गेली.

माझ्या मामाची घाटकोपरला छोटी सराफी पेढी होती. रोख आणि दागिने घेऊन ये-जा असायची, म्हणून त्याच्याकडे शस्त्र परवाना होता. १९९१ साली त्याने ७० हजारांना एक जुनं इंग्लिश रिव्हॉल्व्हर घेतलं, वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअर. आयुष्यात एकदाही ते चालवायची वेळ आली नाही. पण दर दिवाळीत पुसताना तो म्हणायचा, "ही चीज पाच लाखांच्या खाली द्यायची नाही."

२०२३ च्या सुरुवातीला मामा गेला. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की ते हत्यार घरात ठेवता येत नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. पण मामीला हत्यार नको होतं आणि मुलगा परदेशात. म्हणजे विकायचं, हे नक्की.

मी मामीला घेऊन दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात गेलो. वयस्कर मालकाने रिव्हॉल्व्हर उजेडात धरून पाहिलं. म्हणाले, "असं इंग्लिश पीस आता बनत नाही, भाऊ. पाच लाखांना लावतो." ठेवणावळ महिना ५०० रुपये. मामीचे डोळे भरून आले. मामाचा शब्द खरा ठरला ना!

दुसऱ्या महिन्यात फोन आला. एक गिऱ्हाईक २ लाख १० हजार द्यायला तयार आहे. मामी मला म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तूच सांग." आणि मी, बीबीए झालेला, दुकान चालवणारा, लोकांना प्राइसिंग शिकवणारा माणूस, म्हणालो, "मामी, थांब. पाचची वस्तू दोनला कोण देतं?"

तिथून १४ महिने एकही गिऱ्हाईक आलं नाही.

हा टॅग आला कुठून?

परदेशात जुन्या हत्यारांचे संग्राहक असतात. तिथे किंमत ठरते ती मूळ पॉलिश, मूळ डबा, सगळ्या भागांवरचे जुळणारे नंबर आणि त्या वस्तूचा इतिहास यांवर. वापरलेलं साधं .३२ रिव्हॉल्व्हर अमेरिकेत काहीशे डॉलरमध्ये मिळतं. मग आपल्याकडे त्याच्या जवळपास वस्तूला लाखो रुपये का?

कारण आपल्याकडे किंमत वस्तूची नाही, बंद दरवाजाची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची आयात बंद झाली. नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले, तर नवीन माल यायचं थांबलं. त्याआधी देशात आलेलं तेवढंच फिरत राहिलं. वेब्ली, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर ही नावं जुन्या दागिन्यासारखी हातोहात जाऊ लागली. 'इम्पोर्टेड' हा एक शब्दच किंमत झाला.

त्यात .३२ ला जास्त मागणी. ९ मिमीसारखे बोअर सामान्य माणसाला मिळत नाहीत, ते निषिद्ध आहेत. .३२ चालतं आणि त्याची काडतुसं इथेच बनतात. आपल्या खडकीच्या कारखान्याचा 'केएफ' छाप परवानाधारकांना चांगला माहीत असतो.

म्हणजे जुना टॅग अगदी हवेतला नव्हता. एके काळी तो खरा होता. प्रश्न असा की पुढे काय बदललं?

दरवाजा किलकिला झाला

तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, इथला माल आला. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागलं. २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं, वजनाला हलकं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. २०२० मध्ये तर खुद्द वेब्ली अँड स्कॉट हे नाव उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात उत्पादनाला उतरलं. .३२ रिव्हॉल्व्हरची किंमत तेव्हा बातम्यांत १ लाख ६० हजारांच्या आसपास छापून आली होती. विचार करा. नाव तेच, बोअर तोच, वस्तू कोरी. शेजारी आमचं जुनं, पाच लाखांचं!

दुसरी, गिऱ्हाईक कमी झालं. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात जमा करावं लागलं. म्हणजे एकाच वेळी विकायचा माल वाढला आणि ठेवायची जागा घटली. शिवाय सांगा, ज्याला दोनच वस्तू ठेवता येतात तो कसला संग्राहक? 'कलेक्टरचा पीस आहे' हे वाक्य दुकानात ऐकायला छान वाटतं, पण त्या काचेसमोर कलेक्टर उभाच नसतो. समोर असतो तो परवाना मिळालेला, खरेदीच्या मुदतीत असलेला, एक जागा रिकामी असलेला माणूस. त्याला हत्यार चालणारं हवं असतं.

तिसरी, वय. बर्मिंगहॅममधलं वेब्लीचं जुनं हत्यार-उत्पादन १९७९ च्या सुमारास थांबलं. स्प्रिंग थकली, भाग झिजला तर मूळ सुटा भाग आणणार कुठून? आपण म्हणत होतो, जितकं जुनं तितकं महाग. घेणारा म्हणत होता, जितकं जुनं तितकी जोखीम.

आता कोणी म्हणेल, सप्टेंबर २०२५ पासून नव्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, मग जुन्याला भाव येईल. थोडाफार येईलही. पण दीड लाखाच्या वस्तूवर टॅक्स वाढला म्हणून शेजारची जुनी वस्तू पाच लाखांची होत नाही.

दुकानदार तरीही पाच लाख का लावतो?

आधी मला वाटलं, फसवलं. मग त्याच्या गल्ल्यावर बसून विचार केला आणि राग गेला.

आमचं रिव्हॉल्व्हर त्याने विकत घेतलं नव्हतं. आम्ही ते विकून द्यायला ठेवलं होतं. त्यात त्याचा एक रुपया अडकला नव्हता. पडून राहिलं तर नुकसान आमचं, ठेवणावळ त्याची. वरून फायदा असा की, पाच लाखांचं इंग्लिश पीस काचेत दिसलं की शेजारचं दीड लाखाचं नवं गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतं. आमचा माल त्याच्या दुकानात विकायला नव्हता, दुसरा माल विकायला मदत करत होता.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्याने आम्हाला तेच सांगितलं जे आम्हाला ऐकायचं होतं. मी उलटा प्रश्न विचारलाच नाही. "तुम्ही स्वतः रोख देऊन घेणार असाल तर किती द्याल?" हा एक प्रश्न विचारला असता, तर खरा भाव पाच मिनिटांत कळला असता.

आमचं गणित

शेवटी २०२४ मध्ये मी स्वतः गेलो, टॅग काढायला लावला आणि येईल त्या योग्य भावाला द्या म्हणालो. महिन्याभरात १ लाख ६५ हजारांना गेलं. घेणाऱ्याचा परवाना, कागदपत्रं, सगळं रीतसर. हिशोब असा:

पहिली ऑफर २ लाख १० हजार. मिळाले १ लाख ६५ हजार. फरक ४५ हजार.
ठेवणावळ १४ महिने, ५०० प्रमाणे, ७ हजार.
२ लाख १० हजार बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर १४ महिन्यांचं व्याज १७ हजार १५०.
एकूण ६९ हजार १५० रुपये.

त्याच वर्षी मामीने गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं होतं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "ते पाच लाख आले की करू." तो आकडा तिच्या डोक्यात मामाने बसवला होता, दुकानदाराने टॅगवर लिहिला होता आणि शिक्का मी मारला होता. ६९ हजार मी तिला दिले. तिने घेतले नाहीत, मग हॉस्पिटलच्या बिलात भरले. पण जिना चढताना सहा महिने दुखलं ते कसं भरून देणार?

आणखी एक गोष्ट. कलम २१ प्रमाणे जमा केलेलं हत्यार ठरलेल्या मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणजे घड्याळ चालू असतं. कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल, तर 'भाव येईल' म्हणून विसरून जाऊ नका. आणि हत्यार ही गुंतवणूक नाही. पैसे वाढवायला कोणी घेत असेल, तर त्याला हा हिशोब दाखवा.

माझ्या दुकानातली काच

घरी येऊन मी माझ्या दुकानाच्या काचेकडे पाहिलं. एक जुना याशिका फिल्म कॅमेरा, टॅग १८ हजार, दोन वर्षं तिथेच. का १८? कारण कुठेतरी कोणीतरी तेवढा मागताना दिसला होता. मागणं आणि मिळणं यातला फरक मी व्हिडिओत शिकवतो आणि दुकानात विसरतो. माझी खरेदी ६ हजारांची होती. साडेसातला लावला, नवव्या दिवशी गेला. त्या पैशात दोन लेन्स आल्या, त्याही फिरल्या.

जुना माल विकत घेऊन विकणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट: जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे, इनपुट क्रेडिट घेतलं नसेल आणि मालाचं रूप बदललं नसेल, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच टॅक्स लागतो. तोट्यात विकला तर तो फरक धरत नाहीत. म्हणजे अडकलेला माल थोड्या तोट्यात काढताना टॅक्सची भीती नको. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

या आठवड्याचं काम

आज गल्ला मोजून झाला की काचेतल्या सगळ्यात जुन्या पाच वस्तू बाहेर काढा. प्रत्येकीसाठी वहीत तीन उत्तरं लिहा:

१. या किमतीला खरोखर कोणी पैसे मोजले आहेत का, की नुसते मागितले आहेत?
२. ही वस्तू घेऊ शकणारी माणसं आज किती? पाच वर्षांपूर्वी किती होती?
३. आज दुसऱ्या कोणी ही मला विकायला आणली, तर मी रोख किती देईन?

तिसरं उत्तर हा तुमचा खरा भाव. त्यावर योग्य मार्जिन ठेवा आणि टॅग बदला.

आणि घरातलं कोणी विश्वासाने विचारलं, "तूच सांग," तर उत्तर द्यायच्या आधी एक दिवस मागून घ्या. मी नव्हता घेतला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.