ट्रिगर दाबण्याआधी कान झाका

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. त्या प्रकारात .२२ बोअरचं पिस्तूल वापरतात. एअर पिस्तुलावर हात बसला की अनेक नेमबाज त्याकडे वळतात. नवं पिस्तूल घेताना मूठ, वजन, ट्रिगर सगळं तपासलं जातं. कान मात्र विसरले जातात.

एअर पिस्तुलात दाबलेली हवा असते, इथे दारू पेटते. धक्का कमी बसला तरी आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून पहिल्या गोळीआधीच इअरमफ लावा. कापसाचे बोळे चालत नाहीत. शेजारी नुसते उभे असाल तरीही लावा.

दुसरा धोका शिशाचा. या काडतुसाच्या कडेतल्या स्फोटकात बहुधा शिशाचं संयुग असतं. ते धुरातून श्वासात आणि बोटांवरून तोंडात जातं. बंदिस्त रेंजवर हवा खेळती हवी. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. घरी लहान मूल असेल, तर कपडे बदलूनच त्याला उचला. शिसं मुलांच्या मेंदूला अधिक बाधतं.

आणि कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडे बसले, तर ‘जाईल आपोआप’ म्हणून थांबू नका. लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.