तीन तबकड्या

गेल्या महिन्यांत मुंबईस जाणें झालें, तेव्हां एका दुकानांतून आम्हीं तीन लाँगप्ले तबकड्या विकत आणल्या. दोन नव्या छापाच्या, एक वापरलेली पण चांगली जपलेली. घरांतील रेकॉर्डप्लेअर आमच्या थोरल्या बंधूंचा. ते गेल्यापासून दोन वर्षें त्यावर कापड घातलेलें होतें, आणि तें काढण्याची गोष्ट कोणी बोलत नसे. मोबाइलवर हवें तें गाणें फुकट मिळत असतां हा खर्च कशासाठीं, असें मातुश्रींनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, मोबाइलचें गाणें ज्याचें त्याच्या कानांत राहतें. तबकडी लाविली कीं सर्वांस बसावें लागतें. हें त्यांस पटलें नसावें, पण त्या बसल्या.

पहिली तबकडी कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याची. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चें हें १९५५ सालचें वादन. आरंभीं एक संथ चीज, तिच्या खालच्या स्वरांच्या आधारावर तीस प्रकार, आणि अखेरीस पुन्हां तीच चीज. गूल्डनें हें सारें सुमारें अडतीस मिनिटांत आटोपलें आहे. प्रथमश्रवणीं आम्हांस रचनेपेक्षां बोटांचेंच कौतुक अधिक वाटलें, आणि हा कांहीं फार चांगला अभिप्राय नव्हे. वाजवितांना तो गुणगुणतो, तेंहि ऐकूं येतें. "अरे, हा वाजवतो आहे कीं गातो आहे?" मातुश्रींनीं विचारलें. १९८१ सालीं त्यानें हीच रचना पुन्हां ध्वनिमुद्रित केली, ती बरीच सावकाश. ती ऐकेपर्यंत मत राखून ठेवितों.

दुसरी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ सालची. जाझ म्हणजे गोंगाट, अशी आमची समजूत होती. ही तबकडी सुरू झाली ती इतक्या हळू कीं आवाज वाढविण्यास आम्ही उठलों. 'सो व्हॉट' या पहिल्या रचनेंत मुख्य सुरावट खर्जांतल्या बासवर येते. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभ्या होत्या. लग्नापूर्वीं त्या रीतसर गायन शिकल्या होत्या. "हा तर काफी थाट," त्या म्हणाल्या. खरेंच, गांधार, निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. सोळा आवर्तनें झालीं आणि सारा डोलारा अर्ध्या स्वरानें वर सरकला. "भाऊजी, षड्ज हलला हो!" आमच्याकडे तंबोरा एकदां जुळला कीं षड्ज मैफलभर अढळ. येथें आठ आवर्तनें तो वर राहतो आणि मग घरीं परततो. वहिनी आंत येऊन बसल्या व प्रत्येक फेरीस तें परतणें बोटावर मोजूं लागल्या. गाण्याविषयीं त्या आपण होऊन बोलल्या, त्याला बरेच दिवस झाले होते.

या तबकडीच्या स्वराची आणखी एक गंमत आहे. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित करतांना यंत्र किंचित् मंद फिरत होतें. त्यामुळें त्या वर्षानुवर्षें मूळ स्वराहून थोड्या चढ्या ऐकूं येत. ही चूक १९९२ सालच्या आवृत्तींत सुधारली. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन मात्र आमच्या कानास बोचला. पुतण्यास तोच सर्वांत आवडला.

तिसरी तबकडी या घरास नवी नव्हे. 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ सालची: शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत रंगविला आहे. राग तोंड उघडतो न उघडतो तोंच दुसरा येतो, ही आमची तक्रार जुनीच आहे. बंधूंपाशीं हिची एक प्रत होती. देस चालू असतां सुई एका ओरखड्यांत अडे, तेवढाच तुकडा पुन्हां पुन्हां वाजे, आणि बंधू उठून ती बोटानें हलकेच पुढें सारीत. पुढें ती प्रत कोणी ऐकावयास नेली, ती परत आली नाहीं.

देस लागला. नेमक्या त्या जागीं वहिनी अर्धवट उठल्या. सुई अडली नाहीं. तो तुकडा संपून त्यापुढचे स्वर सरळ निघून गेले. त्या तशाच क्षणभर उभ्या राहिल्या, मग खालीं बसल्या. पहाडी संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं यंत्रावरचें कापड धुवून दोरीवर वाळत घातलेलें दिसलें.