हिसका ऐकणारा यो-यो आणि न ऐकणारा

टॉम कून हे सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य. 1978 मध्ये त्यांनी ‘नो जाइव्ह’ नावाचा लाकडी यो-यो बाजारात आणला. तो खोलता येई, आणि त्याची अर्धुकं उलटसुलट जोडून तीन निरनिराळे आकार करता येत. पुढे कून अॅल्युमिनियमकडे वळले. त्यातून आलेला ‘सिल्व्हर बुलेट 2’, खेळाडूंच्या बोलीत ‘एसबी-टू’, हा जुन्या धातूच्या यो-योंमधला माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक घडवलेला नग. आसावर बॉल बेअरिंग, आणि दोन अर्धुकांमधली फट खेळणाऱ्याने आपल्या सोयीने कमी-जास्त करावी अशी सोय. त्या काळात बहुतेकांना फट जशी मिळे तशीच चालवून घ्यावी लागे.

यो-योचा स्वभाव या फटीतच ठरतो. त्याची दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नसते, नुसता फास अडकवलेला असतो. फिलिपिन्समधून अमेरिकेत आलेल्या पेड्रो फ्लोरेस यांनी 1928 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे अशा रचनेचे यो-यो बनवून विकायला सुरुवात केली. फास सैल असल्यामुळे यो-यो दोरीच्या टोकाशी जाऊन जागच्या जागी फिरत राहतो. याला खेळाडू ‘स्लीप’ म्हणतात. मग मनगटाने हिसका दिला की यो-यो जरासा वर उचलला जातो, दोरीवरचा ताण क्षणभर जातो, आणि सैल पडलेली दोरी फटीच्या भिंतीला लागते. भिंत फिरत असतेच. ती दोरीला ओढून घेते, पहिला वेढा बसतो, आणि यो-यो सरसर चढत तळहातात येतो. फट अरुंद असली तर अगदी हलका हिसकाही पुरतो. रुंद असली तर कितीही झटका द्या, दोरी भिंतीपर्यंत पोचतच नाही.

ताणाचं महत्त्व किती, ते अवकाशात दिसलं. 1985 मध्ये डिस्कव्हरी यानात खेळण्यांचे प्रयोग झाले, त्यात यो-योही होता. खाली ओढणारं वजनच जाणवत नसल्यामुळे तिथे दोरी ताणून धरायला काही नव्हतं, आणि यो-यो टोकाला थांबेना. गेला तसा परत येई. 1992 मध्ये अटलांटिस यानातून जेफ्री हॉफमन यांनी नेला तो कून यांचा एसबी-टू. पृथ्वीवर बेअरिंगमुळे मिळणाऱ्या लांबलचक स्लीपचा तिथे काहीच उपयोग नव्हता.

जुन्या धातूच्या यो-योची अडचण वेगळीच होती. मुलं जसजशी दोरीचे कठीण खेळ करू लागली, एका वेळी दोरीचे तीन-चार पदर फटीत घालू लागली, तसतसा हा आज्ञाधारकपणा नडू लागला. खेळ अर्ध्यावर असताना एखादा पदर भिंतीला लागे आणि यो-यो न बोलावता वर येऊन बोटांच्या पेरांवर आदळे. धातूचा फटका चांगलाच लागतो. 1997 च्या सुमारास जपानमध्ये ‘हायपर यो-यो’ची लाट आली, बेअरिंगचे यो-यो घरोघर गेले, आणि खेळाडूंनीच उपाय शोधायला सुरुवात केली. फट वाढवली. बेअरिंगमधलं दाट वंगण धुऊन काढलं, पातळ तेलाचा एक थेंब ठेवला किंवा तेही नाही. यो-यो मिनिटभर, त्याहून जास्त फिरू लागला, पण आता तो हिसक्याने परत येईना.

मग परत आणायचा कसा? त्यासाठी ‘बाइंड’ नावाची युक्ती रूढ झाली, आणि आज धातूचा यो-यो खेळणारा प्रत्येक जण ती आधी शिकतो. फिरत्या यो-योजवळ दुसऱ्या हाताच्या बोटाने दोरीची घडी करायची. ती दुहेरी घडी फटीत सरकवायची आणि अंगठ्याने दोरी हलकी धरून ठेवायची. एकेरी दोरीला जी फट रुंद होती, ती दुहेरीला पुरत नाही. घडी दोन्ही बाजूंच्या सिलिकॉनच्या पातळ कड्यांवर घासते, पकड बसते. त्या क्षणी घडी सोडून द्यायची. उशीर झाला तर दोरीचा गुंता. वेळ जमली तर ‘टप्’ असा आवाज येतो आणि यो-यो जोरात वर येतो. परत कधी यायचं हे आता सर्वस्वी हात ठरवतो, आणि मला यात या खेळाची खरी वाढ दिसते.

परत आणण्याची काळजी मिटल्यावर कारागीर आकाराकडे वळले. जुने यो-यो अरुंद आणि गोलसर होते. आजचा स्पर्धेतला यो-यो साधारण 56 मिलिमीटर व्यासाचा, 42 ते 46 मिलिमीटर रुंद आणि 65 ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. उडवून दोरीवर झेलायला ही रुंदी फार उपयोगी पडते. आतून बाहेर उतरत जाणाऱ्या कडांमुळे यो-यो थोडा कलला तरी दोरी भिंतीला घासत नाही, वेग टिकतो. वजन जितकं काठाकडे, तितकं फिरणं टिकाऊ: तोच ग्रॅम आसापासून दुप्पट लांब नेला तर त्याचा परिणाम चौपट होतो. म्हणून काही जण मधला भाग 7075 जातीच्या अॅल्युमिनियमचा करतात आणि काठावर स्टीलची कडी बसवतात. स्टील आकारमानाला जवळजवळ तिप्पट जड. फ्रँक डिफेओ यांनी बेअरिंगचा बाहेरचा पृष्ठभाग मधे खोलगट केला, म्हणजे दोरी आपोआप मध्यावर राहते, दोन्ही भिंतींपासून लांब. इतकी साधी कल्पना, पण हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

जुन्यांचं एक कौशल्य मात्र आजच्या धातूच्या यो-योला येत नाही. दोन्ही हातांनी दोन यो-यो एकसारखे पुढे फेकून, न पकडता, पुन्हा पुन्हा फेकत राहायचं, हा जागतिक स्पर्धेतला ‘टू-ए’ प्रकार. तिथे प्रत्येक फेरीत यो-यो स्वतःहून परत यावाच लागतो. रुंद, जड धातू इथे कुचकामी. खेळाडू प्लास्टिकचे हलके, गोलसर, हिसका ऐकणारे यो-यो वापरतात आणि दोरीची जाडी नि वंगण फार काळजीने जुळवतात.

नव्याने शिकणाऱ्याला मी सांगेन की आधी हिसका ऐकणारा यो-यो घे. दोरीवरचा ताण कधी येतो आणि कधी जातो, हे मनगटाला त्याच्यावरच कळतं, आणि बाइंडची वेळ साधायला तीच जाण लागते. काही नव्या यो-योंबरोबर आता दोन बेअरिंग मिळतात, एक अरुंद आणि एक नेहमीचं. अरुंद बसवलं की फट आवळते आणि यो-यो हिसक्याला परत येतो. बाइंड जमू लागला की यो-यो खोलून नेहमीचं बेअरिंग घालायचं.