चहावरचा तवंग आणि मुलांचे दात

लातूर-नांदेडकडच्या घरात नवी सून आली की तिची पहिली तक्रार बहुधा पाण्याची असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो आणि कोरा चहा केला तर त्यावर तवंग धरतो. "अगं, बोअरचं पाणी ते, असंच असायचं!" असं सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी! अशा टंचाईत जो तो बोअर खोल नेतो. खोलातलं पाणी वर्षानुवर्षं खडकाशी खेळलेलं असतं, त्यामुळे खडकातले क्षार त्यात उतरतात.

तवंगाचं कारण सोपं आहे. जड पाण्यातला चुना, चहातले तुरट पदार्थ आणि हवा यांची गाठ पडली की तो धरतो. लिंबाचे दोन थेंब पिळून बघा, तवंग नाहीसा होतो. पातेल्याचा थरही चुन्याचाच. असलं पाणी त्रासदायक खरं, पण तेवढ्यानं विषारी ठरत नाही.

काळजी करायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या फ्लोराइडची. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे, आणि तिथल्या भूजलात फ्लोराइड सापडतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. गंमत अशी, की चुना कमी असलेल्या मऊ पाण्यातच ते पुष्कळदा जास्त असतं. म्हणजे ज्या पाण्याला आपण "गोड आहे हो" म्हणतो, त्याच्यावरच डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही.

लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरी सोय नसेल तर फार तर दीड. त्याहून जास्त पाणी साधारण आठ वर्षांच्या आतल्या मुलांच्या पोटात रोज गेलं, तर पक्के दात हिरडीत तयार होतानाच बिघडतात. मग त्यांवर पांढऱ्या रेघा आणि तपकिरी डाग दिसतात. ब्रश नीट करत नाही म्हणून आपण पोराला रागावतो, पण ते डाग घासून जात नाहीत. बरीच वर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर मोठ्यांची हाडं-सांधेही आखडतात.

"आम्ही पाणी उकळूनच पितो" असं पुष्कळजणी सांगतात. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट दोन लिटरचं पाणी आटवून एक लिटर केलं, तर ते दुप्पट दाट होतं!

आता चहाकडे वळू. चहाचं झुडूप आंबट मातीत वाढतं आणि मातीतलं फ्लोराइड पानांत साठवतं. कोवळ्या पानांत ते कमी, जून पानांत जास्त. चांगलं पाणी असलेल्या घरात मोठ्या माणसांनी दोन कप घेतले तर घाबरायचं कारण नाही. पण पाण्यातच फ्लोराइड असेल, तर लहान मुलांना कपभर चहात पोळी बुडवून देण्याची सवय मोडलेली बरी. त्यांना हवा तर गवती चहा द्या. तो नावाचाच चहा, खरं तर गवत. अर्थात त्यालाही पाणी चांगलंच हवं.

आमटीतल्या चिंचेचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना १८ दिवस रोज १० ग्रॅम चिंच दिली, तेव्हा लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं. जेवणात चिंच, आवळा, दूध-दही असू द्या, पण चिंच खाऊन वाईट पाणी पचवता येईल असं मात्र समजू नका.

नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची रीत १९७० च्या दशकात बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. मात्र प्रमाण पाणी तपासूनच ठरतं, तेव्हा घरी अंदाजाने तुरटी टाकू नका. आर.ओ. यंत्रानेही फ्लोराइड बरंच कमी होतं. पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच, म्हणून पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघालं की पुढचं पाणी झाकून साठवावं. पिण्यापूर्वी मात्र ते गाळून उकळावं.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी असते. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची नको. बोअर थोडा वेळ चालू ठेवून त्याच पाण्याने ती विसळा, काठोकाठ भरा आणि नमुना देताना "फ्लोराइडही बघा" असं आवर्जून सांगा.