शेवटचा उपाय आणि बुडालेली मजुरी

औषधांना न जुमानणारा मनोविकार हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही उतार पडत नाही, असे नैराश्य दुर्मिळ नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णांचीच लक्षणे मावळली. दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसऱ्याने बरे होणाऱ्यांचे प्रमाण सातांत एकाच्या आसपास आले.

अशा रुग्णांसाठी मेंदूवर थेट योजावयाचे उपचार उरतात. त्यांतील सर्वांत जुना विजेचा. १९३८ साली रोम येथे तो प्रथम योजला गेला आणि तीव्र नैराश्यात आजही तो अत्यंत परिणामकारक मानला जातो. चित्रपटांनी त्याला छळाचे रूप दिले. काही काळाची विस्मृती हा त्याचा खरा दोष असून रुग्णाला त्याची आगाऊ कल्पना दिलीच पाहिजे. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना हा उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु त्याचा आर्थिक अर्थ असा की, जेथे भूलतज्ज्ञ नाही तेथे हा स्वस्त उपायही नाही.

दुसरा उपचार कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदने देण्याचा. १९८५ साली शेफील्ड येथे या तंत्राचा पाया घातला गेला. २००८ साली अमेरिकेत नैराश्यावर त्याला मान्यता मिळाली. त्याला भूल लागत नाही. मात्र तो सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे घ्यावा लागतो. नागपुरातील पगारदाराला रजा काढून हे जमेल. सुमारे १७० किलोमीटरवरील गडचिरोलीच्या शेतमजुराने काय करावे? त्याची मजुरी बुडते, सोबत आलेल्या नातेवाइकाचीही बुडते; शिवाय मुक्कामाचा खर्च वेगळा. यंत्र फुकट मिळाले तरी उपचार फुकट होत नाही. मनोविकारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे, असे हाच कायदा सांगतो. पण आरोग्यविमा बुडालेला रोज भरून देत नाही.

साध्या गोळ्याही ज्यांना मिळत नाहीत त्यांचे आधी पाहावे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला कर्ता माणूस आणि त्याच्यापायी घरी बसलेली बाई यांचा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नव्हे.

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. विदर्भाला त्या परंपरेचा खरा लाभ द्यावयाचा, तर खरेदीच्या यादीत यंत्राआधी दोन गोष्टी हव्यात : जिल्हा रुग्णालयांत या कामासाठी ठरावीक दिवशी उपलब्ध असणारा भूलतज्ज्ञ, आणि नागपुरात राहून उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी व त्याच्या सोबत्यासाठी निवास व निर्वाहभत्ता. यंत्राचे उद्घाटन करता येते, भत्त्याचे करता येत नाही. एवढ्याच कारणाने हा क्रम उलटू नये.